घंटा आपली, मग माणसं कुणाची?

वाईजवळच्या मेणवलीला कुठल्याही रविवारी जा. कृष्णेच्या घाटावर तीन प्रकारची माणसं दिसतील. प्री-वेडिंग शूटवाली, 'स्वदेस'मधला सीन नेमका कुठल्या पायरीवर झाला ते शोधणारी, आणि माझ्यासारखी, म्हणजे कुणी विचारलेलं नसताना इतिहास सांगणारी.

मी पाटणचा. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरची. शनिवार-रविवार टीममधल्या लोकांना गाडीत कोंबून सातारा जिल्हा दाखवायचा हा माझा जुना छंद. दातेगडावर नेलं की तलवारीच्या आकाराची विहीर दाखवायची, मेणवलीत नेलं की घंटा. मेणेश्वराच्या देवळापुढची ती अवजड पंचधातूची घंटा. तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मरियम आहे. हे दोन्ही दाखवून मी जरा थांबायचो आणि मग म्हणायचो, "चिमाजीअप्पांनी वसई घेतली ना, तेव्हा आपण ही फिरंग्यांच्या चर्चमधून उतरवून आणली." हे वाक्य मी वीसेक वेळा तरी म्हटलं असेल. ते दर वेळी चालायचं.

दोन वर्षांपूर्वी एकदा चाललं नाही. त्या दिवशी टीममधला वसईचा मित्र बरोबर होता. ख्रिस्ती, घरी कुपारी बोलणारा, ऑफिसात आमच्याइतकंच बरं-वाईट मराठी लिहिणारा. त्यानं माझं भाषण शांतपणे ऐकलं, मरियमवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "म्हणजे ही आमच्या गावची." मग जरा वेळानं, भांडायच्या सुरात नाही, खरंच विचारावं तसं, "आणि तेव्हा आम्ही कुठे होतो रे?"

मला उत्तर देता आलं नाही. मोहिमेच्या तारखा मला पाठ होत्या, पण त्याच्या पणज्याच्या पणज्याचं काय झालं हे माझ्या गोष्टीत कुठेच नव्हतं. त्याच 'आपण'बद्दल हा लेख आहे.

आधी थोडा हिशेब. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. पुढच्या दोनशे वर्षांत त्यांनी किल्ल्याच्या तटाआत एक अख्खं शहर वसवलं. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट, जो तो पंथ आपापलं चर्च बांधून बसला. देवळं पाडली गेली, धर्मांतरं झाली, त्यातली कितीतरी जबरदस्तीनं. अणजूरच्या नाईकांनी पेशव्यांकडे गाऱ्हाणं नेलं ते उगाच नाही. १७३७ मध्ये मोहीम सुरू झाली आणि १७३९ च्या मे महिन्यात सुरुंगांनी तट फोडून, असंख्य माणसं गमावून मराठ्यांनी वसई घेतली. हे शौर्य खरंच आहे. ते कुणी कमी लेखलं तर मी त्याच्याशीही भांडेन.

पण गोष्ट इथे संपत नाही. पोर्तुगीज गलबतांत बसून निघून गेले आणि शेतकरी मागे राहिले. केळी-पानवेली लावणारे, मासे मारणारे, ज्यांच्या घरात दोन-चार पिढ्या क्रूस होता आणि जिभेवर इथलीच बोली. शरणागतीच्या अटींमध्ये मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना त्यांच्या उपासनेची मोकळीक होती. म्हणजे १७३९ साली चिमाजीअप्पांना जे कळत होतं, की राज्य फिरंग्यांचं होतं पण रयत आपली आहे, ते आज कमरेला प्लॅस्टिकची तलवार लावून आलेल्या आमच्या पोरांना कळत नाही.

हे मी बाहेरून बोलत नाही. मी त्या पोरांत होतो. मेणवलीनंतर काही महिन्यांनी एका ग्रुपनं वसईच्या किल्ल्यात 'जिवंत इतिहास' नावाचा कार्यक्रम ठेवला होता. पोशाख, ढोल, ड्रोन, लढाईचा प्रयोग. मी मित्रालाही ओढून नेलं, तो तर घरच्याच अंगणात येत होता. भूमिका वाटताना एकानं त्याचं आडनाव ऐकलं आणि हसत म्हणाला, "तू फिरंगी हो, तुला शोभेल." त्याला पिसाची टोपी दिली गेली. रीलचा अँगल चुकत होता म्हणून तो तीनदा मेला. तिसऱ्यांदा कपडे झटकत उठताना माझ्याकडे बघून हसलाही. मी भगवा धरून उभा होतो आणि काहीही बोललो नाही. त्या दिवसाच्या फोटोंत मी छान दिसतो.

आता सरळ मुद्द्यावर येतो. भूतकाळ पुन्हा उभा करण्याचे जे कार्यक्रम आपल्याकडे होतात, त्यांत इतिहास फार थोडा असतो आणि सामना फार जास्त. दोन टीम, एक निकाल. बिनछपराच्या त्या भव्य चर्चमध्ये आपण फक्त शत्रू उभा करतो. जे तिथे प्रार्थनेला यायचे, ज्यांनी ते चिरे वाहिले, ज्यांच्या हातून देव काढून घेऊन क्रूस दिला गेला, त्यांना सीनच नाही. आमच्या धंद्यात गिट नावाची गोष्ट असते. कोडमध्ये कुणी कधी काय बदललं ते सगळं त्यात राहतं. एखादा नवशिका 'फोर्स पुश' करतो आणि मागचं सगळं उडवतो. कोड चालतो. पण सहा महिन्यांनी काही मोडलं की ते कुठून आलं हे कुणालाच सांगता येत नाही.

दुसरी टोळी आहे, तीही मला तितकीच खुपते. ती वसईच्या चर्चमध्ये 'युरोपियन फील' शोधते. कमान, वेल, पांढरा गाऊन, संध्याकाळचा उजेड. जगप्रसिद्ध कोल्डप्लेचा व्हिडिओ इथे शूट झाला होता, हे त्यांना सेंट जोसेफ चर्चच्या नावाआधी माहीत असतं. पायाखालच्या थडग्यांवरची पोर्तुगीज अक्षरं झिजत चालली आहेत आणि वर कुणीतरी ड्रेसचा घेर पसरून बसलेलं असतं. पहिल्या टोळीला चर्च म्हणजे रणांगण, दुसरीला सेट. माणसं दोघांनाही नको आहेत.

लोक विचारतात, इन्क्विझिशनचं काय? गोव्यात १५६० पासून ते न्यायालय बसलं होतं, त्याचे हात वसईपर्यंत पोचत होते, ते विसरायचं? अजिबात नाही. उलट मी म्हणतो, दाखवा ना! त्या चर्चच्या मधोमध उभं राहून दाखवा, की एका घराला रातोरात नाव कसं बदलावं लागलं, आणि पूजेतली मूर्ती कुणाच्या विहिरीत लपवली गेली असेल. पण हे सोसणारा कोण होता? आज ज्याला आपण फिरंग्याची टोपी घालतो, त्याचाच पूर्वज. म्हणजे ज्याच्यावर जुलूम झाला त्याच्याच वंशजाला आपण जुलमी म्हणून उभं करतो आणि वर त्याला इतिहास म्हणतो.

अमेरिकेत विल्यम्सबर्ग नावाचं गाव आहे. अठराव्या शतकातलं अख्खं शहर पुन्हा उभारून, पोशाख घातलेली माणसं फिरवून ते चालवतात. या प्रकारातली ती काशीच. तिथे १७७६ पासून चालत आलेली कृष्णवर्णीयांची एक ख्रिस्ती मंडळी आहे. तिची १८५६ सालची चर्चची इमारत या इतिहास चालवणाऱ्या संस्थेनंच १९५० च्या दशकात विकत घेऊन पाडली, पुढे त्या जागेवर फरसबंदी करून गाड्या लावायची सोय केली. साहेबांची घरं जपली आणि गुलामांच्या देवळावर पार्किंग. २०२० मध्ये मात्र त्याच संस्थेनं त्या मंडळीच्या वारसांना बरोबर घेऊन तिथे उत्खनन सुरू केलं. जुन्या चर्चचा पाया सापडला, साठाहून जास्त कबरी सापडल्या. त्याच गावात १९९४ मध्ये गुलामांच्या लिलावाचा प्रयोग झाला होता, तेव्हा निदर्शनं झाली. आमच्या जखमेचा तमाशा करता का, असं लोक विचारत होते. पण प्रयोग उभा करणारी क्रिस्टी कोलमन स्वतः कृष्णवर्णीय होती आणि लिलावात विकली जाणारी बाई ती स्वतः झाली होती. तिला भूमिका वाटून दिलेली नव्हती. मला फरक दिसतो तो इथे.

वसईत यासाठी नव्यानं काही शोधायचीही गरज नाही. किल्ल्यातल्या जेझुइटांच्या चर्चला लोक गोन्सालो गार्सियाचं चर्च म्हणतात. हा वसईत जन्मलेला माणूस १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर मारला गेला आणि १८६२ मध्ये संत ठरला. त्याच्या सणाला आजही तिथे मिस्सा होते, माणसं नटूनथटून जमतात. ना ड्रोन, ना स्पॉन्सर. खरा जिवंत इतिहास हाच, फक्त त्याला आपण 'त्यांचा कार्यक्रम' म्हणतो. जसं २०१९ मध्ये वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंना उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं, तेव्हा धर्मगुरू कसा चालेल म्हणून गदारोळ झाला. आयुष्यभर मराठीत लिहून, बायबल सुबोध मराठीत आणून, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरून शेवटी प्रश्न तोच. तुम्ही नेमके कुणाचे? १६१६ मध्ये स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण मराठीत छापलं गेलं. चारशे वर्षं पुरावा म्हणून पुरत नसतील तर अजून किती लागतात?

माझं मागणं मोठं नाही. वसईच्या किल्ल्यात लढाईचा प्रयोग करा, जरूर करा, पण भूमिका वाटायच्या आधी गावातल्या माणसांना विचारा की तुमच्याकडे कोणती गोष्ट आहे. आणि मेणवलीत, भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात घंटा दाखवताना ती कुणाकडून जिंकली यासोबत ती कुणासाठी वाजायची हेही सांगा. दोन वाक्यं जास्त लागतात. मी मोजली आहेत.

गेल्या हिवाळ्यात मित्र त्याच्या आजींना घेऊन आला. मीच मागे लागलो होतो. पायऱ्या उतरायला त्यांना बराच वेळ लागला. घंटेपाशी आल्यावर मी नेहमीचं भाषण केलं नाही. त्यांनी चष्मा वर करून मरियम पाहिली, बोटाच्या पेरानं धातूवर टकटक केली, छातीवर क्रूसाची खूण केली. मग नातवाला म्हणाल्या, आलोच आहोत तर देवळातही जाऊन येऊ, आणि चपला काढायला खाली वाकल्या. मी त्यांचा हात धरला. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "इथं चहा कुठं मिळतो?"