रेणूचे गणित कोणाच्या मालकीचे?

कारंजा लाडच्या बाजारात कापूस क्विंटलने मोजला जातो. त्याच कापसावर फवारल्या जाणाऱ्या विषाच्या रेणूचे मोजमाप मात्र पुंजयामिकीच्या समीकरणांनी होते. या दोन मोजमापांचा परस्परांशी काही संबंध नाही, असे मानण्याची सवय आपल्या शिक्षणव्यवस्थेला जडली आहे.

२०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या वेळी चर्चेत आलेल्या कीटकनाशकांत मोनोक्रोटोफॉस हे सेंद्रिय फॉस्फरस संयुग होते. असा रेणू शरीरातील एका आवश्यक विकराला जखडून टाकतो आणि मज्जातंतूंचा व्यवहार बिघडतो. ही पकड कशी बसते, कोणता उतारा ती सोडवील, याचा शोध आज संगणकावरही घेतला जातो. अंतिम कौल प्रयोगशाळेचाच. पण कोणता प्रयोग आधी करावा, हे गणित सांगू शकते.

ह्युकेलने १९३१ साली बेंझीनचे कोडे कागद-पेन्सिलीने सोडविले. मोठ्या रेणूंना ते साधन पुरत नाही. हार्ट्री-फॉक या पायाभूत पद्धतीत रेणू दुप्पट झाला की आकडेमोड ढोबळमानाने सोळापट होते. म्हणजे हे शास्त्र धनवंतांचेच काय? पुण्याने त्याला उत्तर दिले. पुणे विद्यापीठातील प्रा. श्रीधर गद्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली रेणूच्या शिंपीकामाची पद्धत मांडली. रेणूचे तुकडे करावयाचे, प्रत्येकाचे गणित स्वतंत्र करावयाचे आणि उत्तरे पुन्हा जोडावयाची. वरच्याच हिशेबाने दोन अर्ध्या तुकड्यांचे श्रम अखंड रेणूच्या एक-अष्टमांश भरतात. तुकडे एकमेकांवर थोडे चढवावे लागत असल्याने प्रत्यक्षात बचत कमी होते. तरीही साध्या संगणकांवर मोठे रेणू आवाक्यात येतात. दारिद्र्यावर श्रमविभागणीने केलेली ही मात होय.

प्रश्न उरतो तो मालकीचा. १९७० साली पोपल यांच्या विद्यापीठीय गटाने तयार केलेली गॉसियन ही आज्ञावली पुढे खाजगी कंपनीच्या परवान्याखाली गेली. याउलट गेमेस विनाशुल्क मिळते, साय-फोर तर सर्वांना खुली आहे. २०१९ साली पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म हा महासंगणक उभा राहिला, तोही जनतेच्या पैशातून. मग तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला त्याच्यावर काही तास हक्काने का मिळू नयेत?

मागणी साधी आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात खुल्या आज्ञावली याव्यात, सार्वजनिक महासंगणकांवर ग्रामीण महाविद्यालयांसाठी वेळ राखून ठेवावा आणि संशोधनाचे विषय शेतातून यावेत. कार्यकर्त्यांनी हा विषय तज्ज्ञांवर सोडून देऊ नये. रेणूची उत्तरे तज्ज्ञ शोधतील. कोणत्या रेणूविषयी विचारावयाचे, हे ठरविण्यात मात्र फवारणी करणाऱ्याचा वाटा असलाच पाहिजे.