दागिन्यांच्या पेटीतले रिव्हॉल्व्हर



गाडीने एकटीने प्रवास करायचा तर पर्समध्ये छोटे पिस्तूल असावे का, हा प्रश्न अधूनमधून बैठकीत निघतोच. काहीजणी हसतात. पण त्यामागची भीती खरी आहे.

दिल्लीतल्या 2012 च्या घटनेनंतर, जानेवारी 2014 मध्ये, कानपूरच्या सरकारी शस्त्रकारखान्याने खास बायकांसाठी 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात, आणि वर दागिन्यांची असते तशी मरून पेटी! ऊसतोड करणारीला, रात्रपाळीच्या नर्सला हे परवडावे? परवान्यासाठी पुन्हा पोलीस ठाण्याचीच पायरी. तिथे साधी तक्रार नोंदवायला आपण किती तास बसतो ते आठवा.

आणि रोखायचे कोणावर? 2007 मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या मुलीवर बलात्कार करून तिचा खून केला तो तिला न्यायला आलेल्या कंपनीच्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने. नोंदलेल्या बलात्कारांत दहापैकी नऊहून अधिक आरोपी ओळखीचेच, असे सरकारी आकडेच सांगतात. घरातले हत्यार तर बहुधा घरातल्या पुरुषाच्याच हाती जायचे.

बलात्काराच्या हेतूने हल्ला झाला आणि प्रतिकारात हल्लेखोराचा जीव गेला, तरी भारतीय न्याय संहितेचे कलम 38 बाईच्या बाजूने आहे. हे कलम शिबिरांतून जरूर सांगा. पण रात्रीच्या गाडीत चालकाची पोलीस पडताळणी आणि शेवटी उतरणाऱ्या बाईसोबत रक्षक, हा खर्च मालकाचा आहे. आपापल्या भागातल्या कारखान्यांत याची काय स्थिती आहे, ते गटांनी पुढच्या अंकाआधी कळवावे.