मोठ्या टेबलावरचा सराव

जासईची आमची पोरं सुट्टीत पनवेलला पूल खेळायला जातात. पूलचं टेबल 8-9 फुटांचं, पॉकेट रुंद. नेम थोडा चुकला तरी बॉल आत जातो आणि चूक लपून राहते. स्नूकरचं टेबल 12 फुटांचं, पॉकेट अरुंद; तिथे चूक लगेच दिसते. मुंबईचे यासीन मर्चंट स्नूकरमध्येच घडले. 1989 आणि 2001 मध्ये आशियाई विजेते ठरले.

पालकहो, मुलाला आठवड्यातून तासभर मोठ्या टेबलावर खेळू द्या. सुरुवातीला बॉल पडणार नाहीत, तो हिरमुसेल. त्याला हसू नका. नेम बसला की पूलचं पॉकेट त्याला मोठं वाटेल. फक्त ‘हरेल त्याने टेबलाचे पैसे भरायचे’ ही पैज नको; जुगाराची सवय तिथूनच लागते. भाडं सगळ्यांनी वाटून द्यावं.