आधी शून्य पाहा!

विद्यार्थी मित्रांनो, रद्दीवाला ताणकाट्याने रद्दी तोलू लागला की आई आधी काटा शून्यावर आहे ना, ते पाहते. प्रयोगशाळेत मात्र आपण ताणकाटा घेतो, वस्तू टांगतो आणि दिसेल तो आकडा वहीत उतरवतो. ही सवय सोडली पाहिजे.

स्प्रिंगला जितके बल लावावे, त्या प्रमाणात ती लांबते. रॉबर्ट हूक यांनी १६७८ साली प्रसिद्ध केलेल्या या नियमावर ताणकाटा चालतो. पण या नियमाला मर्यादा आहे. फाजील ओझे टांगले की स्प्रिंग कायमची ताणली जाते. मग रिकामा काटाही शून्यावर येत नाही.

म्हणून आधी शून्य पाहा. मग ५०० ग्रॅमचे खात्रीचे वजन टांगा. काटा सुमारे ४.९ न्यूटन दाखवतो का? फरक आढळला तर तो वहीत स्पष्ट लिहा.

शिक्षकांनाही विनंती आहे : पुस्तकातील उत्तराशी जुळवून लिहिलेल्या आकड्यापेक्षा अशा प्रामाणिक नोंदीला अधिक गुण द्या. काट्यातील चूक कळली, तर ती हिशेबात धरता येते; वहीतील खोटा आकडा मात्र साऱ्या प्रयोगावर पाणी फिरवतो.