टीएसएच ६.१ म्हणजे आजार नव्हे!

शनिवारी सकाळी वसई-विरारच्या कुठल्याही सोसायटीत बघा. साडेसातला बेल वाजते, पाठीला सॅक लावलेला पोरगा येतो, उपाशीपोटी रक्त घेतो आणि पुढच्या बिल्डिंगमध्ये पळतो. संध्याकाळी मोबाईलवर पीडीएफ. साठ-सत्तर टेस्टचं पॅकेज, त्यात दोन-चार आकडे ठळक आणि बाजूला 'एच' नाहीतर 'एल'. आपण फक्त तेवढेच वाचतो.

ताईचं असंच झालं. वय ३२. व्हायरल तापातून उठून जेमतेम आठवडा झालेला, तेवढ्यात ऑफिसचं पॅकेज आलं. टीएसएच ६.१, ठळक. खालच्याच ओळीत फ्री टी-फोर अगदी नॉर्मल होता, पण तो ठळक नव्हता ना! एका डॉक्टरांनी दोन मिनिटांत गोळी लिहून दिली, 'आता ही आयुष्यभर'. आईने मावशीला सांगितलं, मावशीने स्थळ आणणाऱ्या बाईंना. 'मुलीला थायरॉईड आहे म्हणे.' तिकडचे फोन बंद.

अहो, थायरॉईड सगळ्यांनाच असतं! गळ्यातली ग्रंथी आहे ती. प्रश्न ती काम नीट करते की नाही हा आहे, आणि त्याचं उत्तर एका आकड्यात मिळत नाही.

आपल्या भाषेत सांगतो. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी म्हणजे मॅनेजर. थायरॉईड म्हणजे काम करणारा पोरगा. टीएसएच म्हणजे मॅनेजरचे फॉलो-अप मेल आणि टी-फोर म्हणजे झालेलं काम. काम कमी पडलं की मेल वाढतात. म्हणून टीएसएच 'हाय' आला की सहसा थायरॉईड कमी काम करत असतं, जास्त नाही. इथेच निम्म्या लोकांचा घोटाळा होतो. मेल भरपूर आणि कामही कमी, तर तो खरा हायपोथायरॉईडिझम. मेल थोडे वाढलेत पण काम वेळेवर होतंय, तर त्याला सबक्लिनिकल म्हणतात. ताईचा रिपोर्ट या दुसऱ्या प्रकारातला.

आता ती रेंज. साधारण ०.४ ते ४.५, लॅबप्रमाणे थोडीफार वेगळी. ती ठरते कशी? निरोगी माणसांचे आकडे घेऊन मधले ९५ टक्के 'नॉर्मल' धरतात. म्हणजे धडधाकट १०० जणांपैकी ५ जण व्याख्येनेच बाहेर! आता पॅकेजचं गणित करा. अशा २० टेस्ट एकमेकींशी संबंध नसलेल्या धरल्या, तर सगळ्या नॉर्मल येण्याची शक्यता ०.९५ चा २० वा घात, म्हणजे सुमारे ३६ टक्के. ६० टेस्टना ५ टक्क्यांच्याही खाली. प्रत्यक्षात टेस्ट एकमेकींशी जोडलेल्या असतात, त्यामुळे चित्र इतकं वाईट नाही. पण निरोगी माणसाला एकही ठळक आकडा न मिळणं अवघडच. असा अलर्ट आपण प्रोडक्शनला लावला असता तर पहिल्या आठवड्यात शिव्या खाल्ल्या असत्या.

शिवाय टीएसएच दिवसभर हलतो. रात्री चढतो, दुपारी उतरतो. आजारातून उठताना काही काळ वाढतो. केस गळतात म्हणून आपण ज्या बायोटिनच्या गोळ्या खातो, त्या कित्येक मशीनना फसवतात आणि टीएसएच खोटाच कमी दाखवतात. रक्त घ्यायला आलेला पोरगा यातलं काय विचारतो? आधार कार्डावरचं वय.

टेस्ट स्वस्त झाल्या हे वाईट नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलेल्या ए. वेलुमणी यांनी १९९६ मध्ये थायरोकेअर सुरू केली ती थायरॉईडच्याच तपासण्यांवर, आणि ही तपासणी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. गरजही आहे. मुंबईसह आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांत हायपोथायरॉईडिझम आढळला. सबक्लिनिकल असलेले त्याशिवाय वेगळे होते! आणि २०१९ मध्ये 'बीएमजे'तल्या तज्ज्ञगटाने स्पष्ट सांगितलं की सबक्लिनिकल असलेल्या बहुतेक प्रौढांना गोळीचा फायदा दिसत नाही, देऊ नका. अपवादही सांगितले: गर्भवती किंवा मूल हवं असलेल्या स्त्रिया, टीएसएच २० च्या वर गेलेले, तीव्र त्रास असलेले, अगदी तरुण.

कुणी म्हणेल, हा थायरॉईडला थोतांड म्हणतोय. अजिबात नाही. माझ्या आईचा टीएसएच ४८ होता आणि टी-फोर तळाला. दोन वर्षं थकवा, सुजलेला चेहरा, वैशाखात स्वेटर, आणि सगळे म्हणायचे 'वय झालं'. गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत बाई पुन्हा पहाटे पाणी भरायला उठायला लागली. तिची गोळी बंद करा म्हणणाऱ्याला मीच घराबाहेर काढीन. जिला खरंच गरज होती तिला दोन वर्षं टेस्ट नाही, आणि जिला गरज नव्हती तिला दोन मिनिटांत जन्माची गोळी. माझा राग या उफराट्या कारभारावर आहे.

लॅबवाल्यांनी 'एच'च्या खाली 'दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा' एवढी एक ओळ छापायला काय हरकत आहे? पॅकेज वाटणाऱ्या एचआरने सोबत अर्धा तास डॉक्टरही द्यावा. डॉक्टरांनी आकड्याआधी माणसाकडे बघावं. आणि आपण? टीएसएच किंचित वाढलेला दिसला तर सोबत फ्री टी-फोर बघा, दोन-तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला पुन्हा करा, अँटी-टीपीओ करायची का ते डॉक्टरांना विचारा. दिवस राहिले असतील तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि गोळी चालू असेल तर हे वाचून बंद करू नका, प्लीज.

ताईने दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'हल्ली ताप वगैरे आला होता का?' गोळी न घेता अडीच महिन्यांनी टेस्ट केली. टीएसएच ३.४, अँटी-टीपीओ नॉर्मल.

मावशी म्हणाली, त्या लोकांना कळवूया का? ताई म्हणाली, एका पीडीएफवर पळालेत ते, पळू देत.