आंबवणाची बरणी आणि देवनागरीतली हग्गादा

पुण्यात १८७४ साली एक पुस्तक छापलं गेलं. छापखाना विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांचा. प्रसिद्ध करणारे मोझेस जेकब तळकर आणि आरोन डॅनिअल तळकर. पुस्तक म्हणजे हग्गादा, पेसाह सणाच्या रात्री घरात मोठ्यानं वाचायची पोथी. मिसरातली गुलामगिरी, तिथून झालेली सुटका आणि पीठ आंबायलाही सवड न मिळाल्यामुळे तशीच भाजून घेतलेली बेखमीर भाकर, ही कथा जगभरचे यहुदी दरवर्षी त्या रात्री मुलाबाळांना सांगतात. पुण्याच्या या पोथीत हिब्रूच्या जोडीला मराठी आहे. आणि एक चित्र आहे, ती भाकर करणाऱ्या बायकांचं. बायका जमिनीवर बसल्या आहेत आणि त्यांच्या अंगावर लुगडी आहेत.

या चित्रापाशी मी दर वेळी थांबतो. युरोपात छापलेल्या हग्गादांतही भाकर भाजण्याची चित्रं असत; त्यांतल्या बायका त्या त्या मुलखाच्या पेहरावात असत. तळकरांच्या पोथीतल्या बायका रायगडच्या कुठल्याही माजघरात शोभाव्यात अशा आहेत. तीन हजार वर्षांपूर्वीची मिसर देशातली रात्र कोकणातल्या स्वयंपाकघरात आणून बसवायची, आणि तरीही तिचं पावित्र्य तसूभरही कमी होऊ द्यायचं नाही, हे काम त्या पोथीनं केलं. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मात्र तिचं नाव मला सापडत नाही. बेने इस्राएलांचे, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजाचे, मराठी ग्रंथ आपण एका लहान समाजाची कागदपत्रं म्हणून अभ्यासकांच्या कपाटात ठेवून दिले. ते मराठी वाङ्मय आहे आणि तसंच वाचलं गेलं पाहिजे, एवढंच मला आज सांगायचं आहे.

बेने इस्राएलांची मूळ कथा पुष्कळांना माहीत असते. गलबत फुटलं, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला सात पुरुष आणि सात बायका वाचून लागल्या, त्यांच्याजवळचे ग्रंथ समुद्रात गेले. ही परंपरेनं सांगितलेली गोष्ट आहे. तिला सन-तारीख नाही. पुढची शतकं त्यांनी कोकणातल्या गावांमधून तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. आडनावंही गावांवरून पडली: तळ्याचे तळकर, राजपुरीचे राजपूरकर, नवगावचे नवगावकर, किहीमचे किहीमकर. हिब्रू विसरली गेली. उरला तो ‘शमा’ या प्रार्थनेचा मंत्र, शनिवारचा विसावा, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि सण.

सणांची नावं पाहा. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. योम किप्पुर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, हा दारफळणीचा सण, कारण त्या दिवशी दारं लावून, पांढरे कपडे घालून, कुणाशीही संपर्क न ठेवता उपास करायचा. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन तो बिरड्याचा, वालाचं बिरडं खाऊन उपास सोडायचा म्हणून. आणि पेसाह म्हणजे अनाशी ढाकायचा सण. अनाशी म्हणजे घरातलं आंबवलेलं द्रव्य. ती बरणी आठ दिवस झाकून ठेवायची.

हे शेवटचं नाव मला फार मोलाचं वाटतं. आंबवलेलं काही घरात वापरायचं नाही, हा पेसाहचा गाभा. खमिराचा पाव कोकणात कुणी करत नव्हतं, त्यामुळे नियम बरणीवर येऊन ठेपला. मिसर, फारो, मोशे, लाल समुद्र, या कथेचा धागा सुटत गेला. झाकायची बरणी राहिली. एका समाजानं आपला धर्म शेकडो वर्षं ग्रंथावाचून जपला तो अशा शब्दांत, आणि ते सगळे शब्द मराठी आहेत. मराठी बायबलात पेसाहला वल्हांडण म्हणतात. तोही सुंदर शब्द आहे, पण तो भाषांतरकारानं घडवलेला. अनाशी ढाकणं हा शब्द चुलीपाशी उभा राहणाऱ्या बायकांनी दिलेला आहे.

हिब्रू परत आली तीही मराठीचा हात धरून. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं, ते मुख्यतः बेने इस्राएलांसाठी. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतलं आणि आपला धर्म आपल्याकडेच ठेवला. १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा निघाली. मग जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४ ते १९०५) यांनी प्रार्थनाग्रंथांमागून प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. एका माणसानं आयुष्यभरात केवढं काम करावं! उपासाच्या दिवसाच्या प्रार्थना, सणांच्या प्रार्थना, शनिवारची उपासना. ज्या घरांत आजोबांना हिब्रूचं एक अक्षर येत नव्हतं, तिथले नातू हिब्रूच्या जोडीला मराठी असं वाचू लागले.

इथे लिपीचा मुद्दा येतो आणि तो साधा नाही. जगात जिथे जिथे यहुदी गेले, तिथली भाषा त्यांनी आपली केली. पण बहुतेक ठिकाणी लिहिली ती हिब्रू अक्षरांत. आयझॅक बाशेविस सिंगर यांना १९७८ साली ज्या भाषेतल्या लेखनासाठी नोबेल मिळालं, ती यिडिश जर्मन कुळातली असूनही हिब्रू लिपीत लिहिली जाते. स्पेनमधून हाकललेल्यांची लादिनो शतकानुशतकं तशीच लिहिली गेली. मुंबई-कलकत्त्याचे बगदादी यहुदीसुद्धा आपली अरबी हिब्रू अक्षरांत छापत. शेजाऱ्याला ते लिखाण ऐकू आलं असतं, पण वाचता आलं नसतं. बेने इस्राएलांनी मात्र आपलं मराठी देवनागरीत छापलं. अग्निहोत्रींच्या छापखान्यात काम करणाऱ्या माणसाला या पोथीतलं मराठी ओळ न ओळ वाचता येत होतं. कुंपण घातलेलंच नव्हतं. त्यामुळे आपण वाचलं नाही याला आपल्यापाशी लिपीचं कारण नाही.

या वाङ्मयातला सर्वांत श्रीमंत भाग म्हणजे कीर्तन. १८८० च्या सुमाराला मुंबईतल्या काही बेने इस्राएल तरुणांनी हिंदू कीर्तनं ऐकली आणि तोच साचा घेऊन आपली आख्यानं रचायला सुरुवात केली. मंगलाचरण आलं, अभंग, ओवी, साकी, दिंडी सगळं आलं, आणि आख्यानाला उभे राहिले अब्राहाम, योसेफ, मोशे, एस्तेर राणी. कीर्तन पाहता पाहता समाजाच्या अंगवळणी पडलं. पुरुषांनी केलं, बायकांनी केलं. पदं छापली गेली आणि वह्यांमध्ये उतरवली गेली.

अब्राहामाचं आख्यान घ्या. देव त्याला एकुलता मुलगा अर्पण करायला सांगतो. मूळ ग्रंथात ही कथा कमालीच्या थोड्या शब्दांत येते: बाप पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, लाकडं फोडतो आणि निघतो. मुलाची आई सारा त्या प्रसंगात एक शब्दही बोलत नाही. आता हीच कथा मराठी कीर्तनाच्या मांडवात आणा. समोर बसलेल्या माणसानं श्रियाळ-चांगुणेचं आख्यान ऐकलेलं आहे. चिलया बाळाला उखळात कांडताना चांगुणेला ओवी गावी लागली होती, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं आहे. साकी सुरू होते, अब्राहाम सुरी उचलतो, आणि साराच्या रिकाम्या जागेवर चांगुणा येऊन बसते. कुणी तिला बोलावलेलं नसतं. छंद तिला घेऊन येतो. दोन धर्मांच्या दोन आयांची अशी गाठ जगातल्या दुसऱ्या कुठल्या भाषेत पडली असेल असं मला वाटत नाही. हे तुलनात्मक साहित्याचं केवढं मोठं शेत आहे, आणि आपल्या विद्यापीठांत ते पडीक आहे.

एकोणिसावं शतक सरता सरता हा ओघ इंग्रजीकडे वळला. कारणं उघड होती. घाणे सुटले होते. पलटण, रेल्वे, टपाल, दवाखाने, शाळा इथल्या नोकऱ्या आल्या होत्या, आणि पुढची शिडी इंग्रजीची होती. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी समाजाचा पहिला मोठा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला तो इंग्रजीत, आणि तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला.

कवी निस्सीम इझिकेल (१९२४ ते २००४) यांच्या घराचं आडनावही तळकर. समाजाची भाषा मराठी; कविता मात्र फक्त इंग्रजी. आपल्या आत्मकथनपर कवितेत ते ख्रिस्ती शाळेत एकट्या पडलेल्या यहुदी मुलापासून सुरुवात करून, तेल गाळणाऱ्या पूर्वजांवरून पुढे येतात आणि शेवटी इथेच राहण्याचा निश्चय सांगतात. १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या ‘लॅटर-डे साम्स’ मध्ये ते बायबलातल्या स्तोत्रांशी वाद घालतात. श्रद्धावान माणूसच इतक्या जवळून वाद घालू शकतो, असं मला तो संग्रह वाचताना प्रत्येक वेळी वाटलं. इंदिरा संतांच्या कवितांचं इंग्रजी भाषांतर त्यांनी वृंदा नाबर यांच्यासह केलं, म्हणजे मराठी कविता त्यांच्या कानात होतीच.

एस्थर डेव्हिड अहमदाबादच्या. त्यांच्या ‘बुक ऑफ रेचेल’ (२००६) या कादंबरीला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अलिबागजवळच्या दांड्यात राहेल नावाची विधवा एकटी राहते. मुलं इस्रायलला गेलेली. गावातलं जुनं सिनेगॉग ती झाडते, दिवा लावते, आणि त्या जागेवर कुणाचा तरी डोळा आहे. कादंबरीतली पाककृती नारळाच्या दुधाची, कोकणच्या मासळीची, मलिद्याच्या पोह्यांची. एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याला नैवेद्य दाखवायच्या मलिद्याचे पोहे ओले खोबरे आणि गूळ घालून कालवलेले असतात. वाचताना त्यांचा वास येतो. पुस्तक मला मनापासून आवडतं. पण दांड्याची राहेल शेजारणीशी बोलत असणार ती मराठीच, आणि मी तिचं बोलणं इंग्रजीतून ऐकतो. शीला रोहेकर यांची ‘मिस सॅम्युएल : एक यहूदी गाथा’ हिंदीत आहे. म्हणजे कोकणातल्या या माणसांची कहाणी इंग्रजीत आहे, हिंदीत आहे. शंभर वर्षांपूर्वी ती ज्या भाषेत गायली गेली, त्या भाषेत तिची कादंबरी मला सापडलेली नाही, याची मला खंत आहे.

१९४८ च्या सुमाराला भारतात बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते. पुढे बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथे १९६१ पासून धर्मपीठानं त्यांच्या यहुदी असण्यावर, विशेषतः लग्नाच्या बाबतीत, शंका काढली. पिढ्यान्‌पिढ्या दारफळणी पाळलेल्या माणसांना तुम्ही खरे का, असं विचारलं गेलं. १९६४ मध्ये त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं आणि त्याच वर्षी संसदेनं त्यांचा पूर्ण दर्जा मान्य केला. त्याच देशात पुढे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघालं. ज्यांना यहुदी म्हणून सिद्ध व्हावं लागलं, त्यांनी तिथे मराठी सोडली नाही.

आपण काय करावं? राजपूरकरांची भाषांतरं, तळकरांची हग्गादा आणि कीर्तनांची जुनी पुस्तकं एकत्र संपादून छापावीत. हे काम विद्यापीठाच्या मराठी विभागाचं आहे. एम. ए. च्या अभ्यासक्रमात ख्रिस्तपुराण असतं, तसं एक यहुदी कीर्तनही असावं. ते लिहिणाऱ्या फादर स्टीफन्सची मराठी आपण अभिमानानं मिरवतो. अब्राहामाची साकीही तेवढ्याच हक्काची आहे.

मात्र छपाईच्या आधी दुसरं काम आहे. छापलेल्या कीर्तनपदाच्या डोक्यावर फक्त ‘चाल’ असा शब्द आणि कुठल्या तरी जुन्या गाण्याचं नाव असतं. ती चाल कागदावर नाही. ती ठाण्यात, मुंबईत आणि इस्रायलमधल्या दिमोना, लोद, अश्दोद या गावांत राहणाऱ्या काही बायकांच्या गळ्यात आहे, आणि त्यांतल्या बहुतेक आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. परदेशी अभ्यासकांनी थोडं ध्वनिमुद्रण केलं आहे. उरलेलं या वर्षी व्हायला हवं. पुस्तकं पुढच्या वर्षी छापली तरी चालतील.