गच्चीला अनुदान आहे, सभेलाही हवे

घरातली वीजबचत हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न, त्यात सरकारी पैसा कशाला, हा आक्षेप स्वतंत्र बंगल्यापुरता ठीक आहे. सिडकोने वसवलेल्या नवीन पनवेलमधल्या सोसायट्यांना तो लागू पडत नाही. इथे गच्ची सगळ्यांची आणि तापलेला स्लॅब वरच्या मजल्याच्या डोक्यावर. ऊन परतवणारा पांढरा रंग द्यायचा तर खर्च सर्वांचा, गारवा मोजक्यांना. तळमजला हात आखडता घेणारच. शिवाय उन्हाळ्याच्या रात्री सगळे एसी एकदमच चालतात. त्या मागणीसाठी वाढवाव्या लागणाऱ्या रोहित्रांचा आणि वाहिन्यांचा खर्च अखेर वीजदरातून सर्वच ग्राहक भरतात. सार्वजनिक पुढाकाराने काय साधते हे उजाला योजनेने दाखवलेच आहे: घाऊक खरेदीमुळे एलईडी बल्बचा खरेदीदर 2014 मधल्या सुमारे 310 रुपयांवरून 2016 मध्ये 38 रुपयांवर आला.

पण केवळ यंत्राला पैसा देऊन भागत नाही. गच्चीवरच्या सौरऊर्जेसाठीच्या 2024 च्या पीएम सूर्य घर योजनेची तरतूद 75,021 कोटींची आहे आणि सोसायटीच्या सामाईक सोयींसाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये मिळतात. ते मिळवायला आधी सर्वसाधारण सभेत ठराव व्हावा लागतो. एकाच जिन्यात मराठी, मल्याळी, तमिळ, हिंदी भाषक कुटुंबे राहतात. ज्याला अंदाजपत्रक कळत नाही तो विरोधही करत नाही, सभेलाच येत नाही, आणि मागाहून कंत्राटदारावर संशय घेतो. म्हणून अनुदानाचा छोटा हिस्सा अशा माणसाच्या मानधनावर खर्च व्हावा, जो वीजबिल वाचू शकतो आणि ते दोन-तीन भाषांत समजावू शकतो.

संवादाचा निधी मंडप आणि हारतुऱ्यांत जाईल, ही भीती रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे दुसरा हप्ता ठराव झाल्यावर आणि सामाईक मीटरचे युनिट वर्षभरात घटल्यावरच द्यावा. महाराष्ट्रात राहणाऱ्याने मराठी शिकावी, दुभाषी कशाला, असेही म्हटले जाईल. शिकावीच. पण भाषा शेजारातून शिकली जाते. जुन्या पनवेलातले बेथ एल सिनेगॉग 1849 चे. ते उभारणाऱ्या बेने इस्राएल समाजाने मराठी आपली मानली ती कोकणातल्या पिढ्यान् पिढ्यांच्या सहवासातून. सामाईक खर्चाची चर्चा हाही तसाच सहवास आहे. पनवेल महापालिकेने येत्या अर्थसंकल्पात निदान काही सोसायट्यांसाठी ही तरतूद करावी, आणि रहिवाशांनी ती मागावी.